थोडक्या लाकडाची नाव

कोल्हापूरच्या कोणत्याही गच्चीवरून समुद्र दिसत नाही. शहर आणि सागर यांच्यामध्ये सह्याद्री आडवा उभा आहे, आणि गगनबावड्याहून करूळचा किंवा राधानगरीहून फोंड्याचा घाट उतरून गेल्याखेरीज खाऱ्या वाऱ्याची ओळख होत नाही. असे असूनही, नौकेसाठी लागणारे लाकूड कोठून आणावे, कोणते तोडावे आणि कोणत्या झाडाला मुळीच हात लावू नये, याविषयी मराठीत जे सर्वांत विचारी लेखन मला ठाऊक आहे, ते याच घाटमाथ्यावरील राज्याच्या दप्तरातून आलेले आहे. शिवछत्रपतींच्या काळापासून कोल्हापूरच्या संभाजी महाराजांच्या काळापर्यंत ज्यांनी राज्यकारभाराची धुरा वाहिली, त्या रामचंद्रपंत अमात्यांच्या नावे प्रसिद्ध असलेले 'आज्ञापत्र' इ. स. १७१५ च्या सुमाराचे आहे, आणि त्यात दुर्ग, वतने व सावकार यांच्या जोडीने आरमाराचाही स्वतंत्र विचार केलेला आहे. यात आश्चर्य वाटण्याचे कारण नाही. कारण मालवण आणि सिंधुदुर्ग ही ठाणी १८१२ च्या तहाने इंग्रजांकडे जाईपर्यंत कोल्हापूरच्या गादीकडेच होती.

अमात्यांचे म्हणणे थोडक्यात असे आहे. आरमाराला फळ्या, सोट, डोलकाठ्या यांकरिता मोठे लाकूड लागणारच. तेव्हा राज्यातील अरण्यांत जे सागवानादी वृक्ष आहेत त्यांपैकी सोयीचे ते हुजुरास कळवून, परवानगी घेऊन तोडावेत आणि याउपर जे लागेल ते परमुलखातून पैका मोजून खरेदी करावे. आंबा आणि फणस यांचेही लाकूड कामाचे आहे, परंतु ही झाडे वर्षा-दोन वर्षांत होत नाहीत. रयतेने ती पोटच्या लेकरासारखी वाढवलेली असतात. म्हणून त्यांना हात लागू देऊ नये, आणि एखादे झाड जीर्ण होऊन निरुपयोगी झालेच तर धन्याला राजी करून, द्रव्य देऊन, त्याच्या संतोषाने तोडावे. युद्धनौकांची निकड असतानाही परसातल्या फणसाची किंमत विसरू न देणारा हा हुकूम आहे. त्यानंतर सुमारे अडीचशे वर्षांनी, १९६४ साली, महाराष्ट्रात वृक्षतोडीचे नियमन करणारा जो कायदा झाला, त्याच्या अनुसूचीत सागाच्या जोडीला आंबा आणि फणस हीही नावे आहेत, हे येथे आवर्जून नमूद करण्यासारखे आहे.

नौकाबांधणीच्या इतिहासाकडे मी याच दृष्टीने पाहतो. पाण्यावर तरंगणारी वस्तू उत्तरोत्तर कमी लाकडातून कशी घडवावी, हे माणूस हजारो वर्षे शिकत आला, आणि त्या शिक्षणाच्या शेवटच्या पायरीवर नौका बंदरातील कारखान्यातून निघून सामान्य गृहस्थाच्या घरातील सुतारशाळेत येऊन पोहोचली. या प्रकरणाचा विषय ती शेवटची पायरी हा आहे; तथापि तिचे मोल कळण्यासाठी आधीच्या पायऱ्या भराभर चढून आले पाहिजे.

पहिली पायरी कोरीव नावेची. अखंड खोड घ्यायचे, आतला गाभा जाळून किंवा वाकसाने तासून काढायचा, आणि उरलेल्या कवचात बसायचे. नेदरलँड्समधील पेसे या गावाजवळ सापडलेली पाइनच्या खोडाची नाव सुमारे दहा हजार वर्षांपूर्वीची मानली जाते. आपल्या कोकणातही एका खोडातून कोरलेल्या डोणी आणि तोल सांभाळण्यासाठी एका बाजूस उलांडी बांधलेल्या होड्या खाड्यांतून पिढ्यान्‌पिढ्या फिरत आल्या आहेत. अशा नावेत सांधा नसतो, त्यामुळे गळण्याची भीती कमी. परंतु मोठे झाड पाडून त्याचा बराचसा भाग ढलप्यांच्या रूपाने फेकून द्यायचा, असा तो व्यवहार आहे.

दुसरी पायरी फळ्यांची. तळाशी लांब कणा घालायचा, त्यावर वाकड्या लाकडांच्या फासळ्या उभारायच्या, आणि त्यांना फळ्या ठोकून किंवा शिवून फटींत कापूस, काथ्या, राळ व तेल भरायचे. या पद्धतीने एकाच खोडातून अनेक फळ्या निघू लागल्या आणि नौकेचा आकार झाडाच्या घेराच्या बंधनातून सुटला. मुंबईच्या गोदीत मलबारी सागवानातून बांधलेले 'त्रिंकोमाली' हे लढाऊ जहाज १८१७ साली पाण्यात उतरले आणि ते आजही इंग्लंडमधील हार्टलपूल येथे जतन केलेले आहे. एवढे एक उदाहरण सागवानाच्या टिकाऊपणाची साक्ष देण्यास पुरेसे आहे. फळ्या खिळ्यांनी न ठोकता काथ्याच्या दोरीने शिवण्याची जी प्राचीन भारतीय रीत होती, तिचेही पुनरुज्जीवन आपल्या डोळ्यांदेखत झाले आहे. अजिंठ्याच्या भित्तिचित्रातील पाचव्या शतकाच्या जहाजावरून आराखडा घेऊन, गोव्यात रत्नाकर दांडेकर यांच्या 'होडी इनोव्हेशन्स' या कारखान्यात केरळच्या कारागिरांनी टाके घालून बांधलेले 'कौंडिन्य' हे शिडाचे जहाज २१ मे २०२५ रोजी कारवार येथे भारतीय नौदलात दाखल झाले.

तिसरी पायरी विसाव्या शतकातली, आणि ती प्लायवुडने आणली. लाकूड तंतूंच्या दिशेने बळकट असते आणि आडव्या दिशेने चिरते, आर्द्रतेने फुगते व आकसते तेही बहुतांशी आडव्याच दिशेने. पातळ पापुद्रे एकमेकांवर आडवे-उभे ठेवून चिकटवले की एकाचा दोष दुसरा झाकतो, आणि जी फळी मिळते ती दोन्ही दिशांनी भरवशाची असते. पाण्यात चालणाऱ्या प्लायवुडसाठी भारतीय मानक ब्युरोचे आयएस ७१० हे मानक आहे, आणि त्या मानकाच्या मालातील डिंकाची परीक्षा ७२ तास उकळत्या पाण्यात ठेवून घेतली जाते. कोल्हापूरच्या टिंबर मार्केटमध्ये मरीन प्लाय मागताना हा क्रमांक तक्त्यावर छापलेला आहे की नाही, हे ग्राहकाने स्वतः वाचून पाहावे. केवळ 'वॉटरप्रूफ' या तोंडी आश्वासनावर नाव बांधू नये.

आठ फूट लांब, चार फूट रुंद आणि सहा मिलिमीटर जाड असा एक तक्ता सुमारे १२ किलो भरतो. अशा तीन तक्त्यांतून दोन-तीन माणसांची, बारा फुटांची नाव होते, हे ऐकून जुन्या सुतारास प्रथम विश्वास वाटत नाही. कारण हाच तक्ता दोन टोकांना धरून उचलला तर मध्ये झोळीसारखा लोंबतो. येथेच या विषयाचे मर्म आहे. नावेचे बळ जाडीपेक्षा आकारात अधिक असते. पळसाचे पान सपाट असते तोवर त्यात आमटी राहत नाही. त्याच पानाला चोयांनी टाचून द्रोण केला की ते उभे राहते आणि आपल्या वजनाच्या कितीतरी पट भार पेलते. प्लायवुडचा तक्ता वक्र रेषेत कापून, त्याच्या कडा शेजारच्या तक्त्याशी टाचल्या की तो एकाच दिशेने वाकतो, आणि एका दिशेने वाकलेला पृष्ठभाग दुसऱ्या दिशेने सहजासहजी वाकत नाही. फासळ्यांचा जड सांगाडा जे काम करी, ते काम आता कवचाचा बाक करतो.

हे ज्ञान घरोघरी नेण्याचे श्रेय दोन चिमुकल्या नौकांना द्यावे लागेल. अमेरिकेतील फ्लॉरिडा प्रांतात १९४७ साली क्लार्क मिल्स या नौकाकाराने मुलांसाठी 'ऑप्टिमिस्ट' या नावाची, अवघ्या २.३ मीटर लांबीची, चौकोनी नाकाची शिडाची होडी आखली. प्लायवुडच्या बाजारी मापात ती बसली पाहिजे आणि बापाला मुलाबरोबर घरी बांधता आली पाहिजे, ही तिच्यामागची अट होती. दुसरी इंग्लंडमधील 'मिरर', १९६३ साली लोकांपुढे आलेली. जॅक होल्ट या नौकाकाराने आणि बॅरी बकनेल या गृहोद्योगाच्या प्रचारकाने आखलेल्या या ३.३ मीटरच्या होडीत प्लायवुडचे तक्ते तांब्याच्या तारेने टाचून सांध्यांवर काचतंतूची पट्टी आणि राळ चढवण्याची रीत वापरली होती, आणि अशा सत्तर हजारांहून अधिक होड्या पुढे बांधल्या गेल्या. काथ्याच्या टाक्यांची जागा तांब्याच्या तारेने घेतली, एवढाच काय तो बदल. शिवून नाव करण्याची कल्पना अजिंठ्याच्या चित्रकाराला अपरिचित वाटली नसती. लाकूड, काचतंतू आणि राळ यांचा हा संयोग केवळ तळ्यापुरता आहे असेही कोणी समजू नये. दिलीप दोंदे यांनी २००९-१० मध्ये ज्या 'म्हादेई' नौकेतून एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा केली, असे करणारे पहिले भारतीय ठरले, ती ५६ फुटांची नौका गोव्यात दांडेकर यांच्याच हातून घडलेली, लाकडी गाभ्यावर काचतंतूचे कवच असलेली होती.

कोल्हापूरला घरच्या कारखान्याची परंपरा नवी नाही. मेस्त्री घराण्यात जन्मलेल्या बाबूराव पेंटरांनी याच शहरात, आपल्या सहकाऱ्यांसह, चित्रपटाचा कॅमेरा स्वहस्ते तयार केला आणि त्यातून पुढे महाराष्ट्र फिल्म कंपनीचे चित्रपट निघाले. उद्यमनगरातील कितीतरी कारखान्यांचा आरंभ एका खोलीत आणि एका लेथवर झालेला आहे. नाव बांधण्यास तर लेथही लागत नाही. जुन्या वाड्याचा सोपा किंवा परसातील पत्र्याची पडवी, पंधरा फूट लांब आणि आठ फूट रुंद, एवढी जागा पुरते. मात्र तयार नाव दारातून बाहेर निघेल की नाही, हे माप आधी घ्यावे. हत्यारे सुताराच्या पेटीतलीच : करवत, रंधा, पटाशी, गिरमिट, गुण्या, आणि जमतील तितके शिकंजे.

हंगामाचा विचार मात्र कोल्हापूरच्या हवामानाप्रमाणे करावा. इपॉक्सी राळ ही दोन द्रव्यांच्या मिश्रणातून घट्ट होते आणि घट्ट होताना स्वतः उष्णता सोडते. पावसाळ्यातील दमट हवेत तिच्यावर मेणचट थर धरतो, आणि चैत्र-वैशाखातल्या उन्हाळ्यात वाटीतली राळ हात फिरण्यापूर्वीच धूर सोडू लागते. म्हणून दिवाळी ते शिमगा हा काळ या कामाला उत्तम. मिश्रण थोडेथोडे करावे, पसरट भांड्यात करावे, हातमोजे घालावेत आणि घासकाम करताना तोंडावर मुखवटा बांधावा. राळेची धूळ फुप्फुसांना अपायकारक आहे.

आता प्रत्यक्ष कामाकडे वळू. आठ फुटी तक्त्यातून बारा फुटी बाजू काढायची तर दोन तक्ते लांबीत जोडावे लागतात, आणि हा जोड तिरकस उतरणीचा असतो : जाडीच्या आठपट लांब. सहा मिलिमीटरच्या तक्त्याला ४८ मिलिमीटरची उतरण. जोडायचे तक्ते एकावर एक, प्रत्येक वरचा तक्ता खालच्याहून ४८ मिलिमीटर मागे, असे पायऱ्यांप्रमाणे रचून शिकंज्यांनी घट्ट आवळावेत, आणि धार लावलेला रंधा वरून खाली फिरवीत पायऱ्यांची एक सलग उतरण करावी. रंध्याखालून लाकूड जाऊ लागले की प्लायवुडचे पापुद्रे उघडे पडतात आणि त्यांमधील डिंकाच्या काळसर रेघा दिसू लागतात. या रेघा हाच कारागिराचा मापदंड. त्या सरळ आणि समांतर असतील तर उतरण अचूक. एखादी रेघ मध्येच वळली तर त्या ठिकाणी रंधा जास्त किंवा कमी लागला आहे असे निःशंक समजावे. याच कारणाने प्लायवुडचा तिरकस जोड नवख्यालाही साधतो. अखंड सागवानात असा निर्देश लाकूड स्वतः देत नाही. दोन्ही उतरणींवर आधी पातळ राळ पाजावी, ती मुरली की घट्ट राळ लावून जोड एकावर एक बसवावा आणि वर वजन ठेवून दुसऱ्या दिवसापर्यंत त्याकडे फिरकू नये.

जोड पक्का झाल्यावर रेखाटन. आराखड्यातील मापांच्या तक्त्याबरहुकूम एकेक फुटावर बिंदू मांडून तेथे बारीक खिळे ठोकावेत, आणि सरळ रेषांची, गाठी नसलेली लांब लवचीक पट्टी त्या खिळ्यांना टेकवून वाकवावी. मग गुडघ्यावर बसून, एक डोळा मिटून, पट्टीच्या टोकापासून तिच्या लांबीवर नजर टाकावी. कोठेही उंचवटा किंवा खोलगटपणा दिसला तर तेथील खिळा हलवावा. कागदावरच्या आकड्यापेक्षा पट्टीचा स्वाभाविक बाक अधिक प्रमाण मानावा, कारण पाण्यात उतरल्यावर आकड्याची चूक कोणास दिसत नाही, बाकाची दिसते. दोन्ही बाजूंचे तक्ते एकावर एक ठेवून एकदमच कापावेत, म्हणजे डावे-उजवे तंतोतंत सारखे होते आणि नाव एका अंगाला ओढत नाही.

यानंतर कडांजवळ चार-चार बोटांच्या अंतराने गिरमिटाने भोके पाडून, तांब्याची तार ओवून, पिळून, तळ आणि बाजू टाचाव्यात. सपाट तक्त्यांतून नावेचा आकार उभा राहतो तो या एका दुपारीच. आकार तिरपा झाला नाही ना हे दोन टोकांच्या आडव्या फळ्यांवर नजर जुळवून तपासावे, आणि मगच बारीक भुसा कालवलेली राळ आतल्या सांध्यांत अंगठ्याइतक्या गोलाईने भरावी. ती कडक झाल्यावर तारा काढून टाकाव्यात, बाहेरच्या कडा गोल घासून त्यांवर काचतंतूची पट्टी चढवावी.

उरलेले जे थोडे अखंड लाकूड लागते, म्हणजे काठावरची पट्टी, बसायचे बाक, तळाची लाकडी घसरपट्टी आणि वल्ही, ते इथल्याच मुलखातले असावे. दांडेलीचा साग महाग असला तरी काठपट्टीला तोच योग्य, कारण त्यात स्वतःचे तेल असते आणि तो आकुंचन-प्रसरण थोडे पावतो. आजरा-चंदगड भागातला जीर्ण होऊन रीतसर उतरवलेला फणस बाकांना उत्तम. लाकडाच्या ओल्या-सुक्याचा धडा या जिल्ह्यातील शेतकऱ्यास वेगळा द्यायला नको. कोल्हापूर पद्धतीच्या बंधाऱ्यात पूर्वी लाकडी बरगे घालत. खांबांच्या खाचांत त्यांच्या दोन रांगा बसवून मध्ये माती दाबीत, आणि भिजून फुगलेले बरगे एकमेकांना बिलगून पाणी अडवीत. जुन्या फळ्यांच्या नावेतही हेच घडे, म्हणून ती पाण्यात असेतोवर गळत नसे आणि काठावर वाळली की गळू लागे. प्लायवुडच्या नावेचे शास्त्र याच्या नेमके उलट आहे : तिच्यात ओल शिरूच द्यायची नसते. म्हणून प्रत्येक भोक, प्रत्येक कापलेली कड, प्रत्येक स्क्रूची जागा राळेने बंद केल्यावाचून रंगाचा डबा उघडू नये.

नाव तयार झाली. आता पाण्याचा जमाखर्च, आणि माझ्या मते घरच्या कारागिराची खरी परीक्षा येथेच आहे. पाण्यात बुडालेल्या भागाने जितके पाणी बाजूस सारले तितक्या वजनाचा आधार मिळतो, हा आर्किमिडीजचा नियम. पुराच्या दिवसांत गुऱ्हाळातल्या लोखंडी काहिलीत बसून नदी ओलांडणारे लोक या जिल्ह्यात होऊन गेले, ते याच नियमाच्या बळावर. आपल्या नावेचा पाण्याला टेकणारा तळ अडीच चौरस मीटर आहे असे धरू. तो एक सेंटिमीटर खाली गेला की २५ लिटर, म्हणजे २५ किलो पाणी बाजूस सरते. नावेचे स्वतःचे वजन ५० किलो. म्हणून रिकामी नाव दोन सेंटिमीटर बुडेल. साठ-साठ किलोची तीन माणसे बसली की एकूण २३० किलो, आणि नाव नऊ सेंटिमीटरांच्या किंचित पुढे बुडेल. बाजूची उंची ४० सेंटिमीटर असेल तर पाण्यावर ३१ सेंटिमीटर कठडा शिल्लक राहतो.

याच नावेत दहा माणसे चढली तर? हिशेब सांगतो की ती २६ सेंटिमीटर बुडेल आणि १४ सेंटिमीटर कठडा उरेल. म्हणजे ती बुडणार नाही. काठावर उभ्या असलेल्या माणसाला हाच देखावा धीर देतो, आणि घात करतो तोही हाच देखावा. सव्वा मीटरच्या आतबाहेर रुंद असलेल्या या नावेचा काठ पाण्याला टेकायला आता अवघा १३ अंशांचा कल पुरतो, तर तीन माणसे असताना २७ अंश लागत होते. दहा जणांपैकी दोघे भेदरून एका बाजूस सरकले, कोणी उभे राहिले आणि भाराचे केंद्र वर गेले, की तेवढा कल क्षणात होतो. आणि काठावरून आत आलेले पाणी कललेल्या बाजूलाच धावते. पंचगंगेच्या राजाराम बंधाऱ्यावर ३९ फुटांना इशारा आणि ४३ फुटांना धोका मानला जातो. २०१९ साली तेथे पाणी ५५ फुटांच्या वर गेले. त्याच पुरात, ८ ऑगस्ट रोजी, शेजारच्या सांगली जिल्ह्यातील ब्रह्मनाळ येथे ग्रामस्थांना बाहेर आणणारी नाव उलटून अनेकांचे प्राण गेले. पुराच्या ओढीत माणसे काढणे हे प्रशिक्षित पथकाचे काम आहे, परसात बांधलेल्या होडीचे नव्हे. परंतु किती माणसे म्हणजे फार झाली हे ज्ञान मात्र नदीकाठच्या प्रत्येक घरात असायला हवे, आणि ते मिळवण्याचा एक खात्रीचा मार्ग म्हणजे स्वतः नाव बांधून तिचा हिशेब मांडणे.

म्हणून रंग देण्यापूर्वी तीन गोष्टी कराव्यात. पुढच्या आणि मागच्या बाकांखाली हवाबंद कप्पे करावेत. शंभर लिटरचा कप्पा शंभर किलोंचा आधार देतो, आणि नाव पाण्याने भरली तरी तिला धरून राहिलेल्या माणसांना तो तारतो. दुसरे, पंचगंगेत न उतरता एखाद्या शांत तलावात, संबंधित कचेरीची परवानगी घेऊन, अंगात तरंगजाकिटे घालून, कमरभर पाण्यात नाव मुद्दाम पाण्याने भरावी आणि ती कशी तरंगते हे पाहून घ्यावे. तिसरे, भाराची रेघ. इंग्लंडमध्ये सॅम्युएल प्लिमसॉल यांच्या अथक खटपटीने १८७६ साली व्यापारी जहाजांवर अशी रेघ कायद्याने आली, आणि तिने हव्यासापोटी बुडवली जाणारी कितीतरी माणसे वाचवली. आपल्या बारा फुटी होडीवर ती रेघ काढायला कोणी अधिकारी येणार नाही. बांधणाऱ्याने तीन माणसांचा भार घालून पाण्याची पातळी स्वतः टिपावी, तेथे तांबड्या रंगाचा ठळक पट्टा ओढावा, आणि काठपट्टीवर आतल्या बाजूने 'माणसे तीन' असे वाचता येईल इतक्या मोठ्या अक्षरांत लिहावे. थोडक्या लाकडातून नाव उभी करणे हे कौशल्य आहे. त्या थोडक्या लाकडावर किती भार टाकायचा हे आधीच ठरवून ठेवणे ही बांधणाऱ्याची जबाबदारी आहे, आणि ती पुरी झाल्यावाचून नावेला नाव देऊ नये.